भारीतला दगड

१

‘कट’ झालं, आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि भाऊ कर्णिक उठलेच नाहीत.

टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. आमचा दिग्दर्शक नंदकुमार तर खुर्चीवरून उडी मारून ‘झकास! झकास, भाऊ!’ म्हणून ओरडत होता. भाऊ टेबलाशेजारी पालथे पडले होते आणि त्यांच्या पाठीवर धूमकेतूचा तो काळा तुकडा होता. मग टेबलाखालून रक्ताचा ओघळ आला आणि टाळ्या एकेक करून थांबल्या. शेवटची टाळी कुणाची होती कोण जाणे, पण ती मला अजून ऐकू येते.

माझं नाव वनमाला. नावाने ओळखणार नाही, चेहऱ्याने ओळखाल. मराठी सिनेमात हिरो तुरुंगात जातो तेव्हा दारात उभी राहून पदराला डोळे पुसते ना, ती मी. ‘मुंबईवर धूमकेतू’ या चित्रपटात मात्र मला बढती मिळाली होती. मी आई नव्हते, भाऊंची बायको होते. भाऊ म्हणजे वेधशाळेतला म्हातारा शास्त्रज्ञ. धूमकेतू येणार, मुंबई जाणार असं बिचारा ओरडून सांगतो, कुणी ऐकत नाही, आणि शेवटी धूमकेतूचा तुकडा वेधशाळेचं छत फोडून त्याच्याच अंगावर पडतो.

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या मे महिन्यातली. हॅलेचा धूमकेतू नुकताच येऊन गेला होता. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत लोक गच्चीवर चढून माना मोडून बघत होते आणि दिसला कुणालाच नव्हता. आमचे निर्माते चंद्रप्रकाश घाटकोपरचे. त्यांनी ठरवलं, आभाळात दिसला नाही तो धूमकेतू आपण पडद्यावर दाखवू. परदेशी सिनेमांत उल्का पडायला लागली की लोक खुर्च्या घट्ट धरून बसतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तसं आपल्या लोकांनी बसावं हे त्यांचं स्वप्न होतं आणि ते स्वप्न खरं होतं, हेही मला सांगितलं पाहिजे.

पण आमचे दगड थर्मोकोलचे. बोरिवलीला एका छोट्या हॉलमध्ये अर्ध्या सिनेमाची ट्रायल झाली. पडद्यावर चौपाटीवर उल्का पडली, आणि अंधारातून कुणीतरी म्हणालं, ‘अरे, इडली पडली!’ मग जो हशा पिकला तो मध्यंतरापर्यंत थांबला नाही. सगळ्यात मोठ्याने हसत होते भाऊ, स्वतःच्याच सिनेमाला. चंद्रप्रकाश पहिल्या रांगेत बसले होते. ते त्या दिवशी कुणाशीच बोलले नाहीत.

भाऊंचं हे हसणं म्हणजे सेटवरचा रोगच झाला होता. रिहर्सलला दगड वरून तरंगत खाली आला की भाऊंना हसू फुटायचं आणि शॉट एन.जी. व्हायचा, म्हणजे वाया. ‘नंदू, मी घाबरू कशाला रे? तुझ्या धूमकेतूपेक्षा आमच्या हिचा बटाटेवडा जड असतो,’ असं म्हणायचे. नंदकुमारचा चेहरा पडायचा. दगड बनवणारा माणिक पाटकर हातातला ब्रश आपटून बाहेर जायचा.

त्या दिवशी सकाळी भाऊंना नाटक-सिनेमातली पंचवीस वर्षं झाली म्हणून शाल-श्रीफळ दिलं. नारळ प्रॉडक्शनच्या पोरांनी फोडून खाल्ला आणि शाल भाऊंनी मेकअपच्या खोलीत खुर्चीवर टाकली. मग रिहर्सल झाली. माणिकने एकाच साच्यातून तीन दगड काढले होते. एक रिहर्सलचा, टवके उडालेला. एक टेकसाठी सुबक रंगवलेला, आत पडल्यावर पेटणारा लाल दिवा बसवलेला. हे दोन्ही थर्मोकोलचे. तिसरा प्लास्टर आणि लोखंडी सळ्यांचा, दुसऱ्या दिवशी रिकामं टेबल फोडायच्या शॉटसाठी. खालून बघितलं तर टेकचा आणि टेबलाचा सारखेच दिसायचे.

जेवणाची सुट्टी होताना नंदकुमारने वर मान करून ओरडून सांगितलं, ‘दत्ताराम, हा गबाळा काढ आता. टेकला भारीतला लाव रे!’ वरच्या फळ्यांच्या माळ्यावरून दत्तारामचं ‘होय सायब!’ आलं. आम्ही जेवायला गेलो.

परत आलो तेव्हा सेटवर दोन कॅमेरे होते. फिल्मच्या एकेका फुटाचा हिशेब ठेवणाऱ्या चंद्रप्रकाशांनी या शॉटला दुसरा कॅमेरा मागवला म्हणून नंदकुमार हरखून गेला होता. चंद्रप्रकाश स्वतः कॅमेऱ्याशेजारी उभे होते. अंगात नेहमीचा पांढरा सफारी आणि खांद्यावर भाऊंची शाल. ‘भाऊंची अमानत सांभाळतो,’ असं हसून म्हणाले. मग लाइट्स, कॅमेरा, आणि ते सगळं झालं.

रक्त दिसलं तेव्हा सर्वांत आधी चंद्रप्रकाश धावले. शाल वाटेतच गळून पडली. त्यांनी दगड बाजूला ढकलला आणि भाऊंना मिठी मारून हंबरडा फोडला. त्यांचा पांढरा सफारी रक्ताने आणि काळ्या रंगाने माखला. मी शाल उचलली, घडी केली आणि माझ्या पिशवीत ठेवली. अशा वेळी डोकं बंद पडतं आणि हात मात्र आवराआवर करत राहतात.

माणिक गुडघ्यावर बसला, दगडाला हात लावला, आणि त्याचे ओठ पांढरे पडले.

‘हा थर्मोकोलचा नाही,’ तो म्हणाला. ‘हा उद्याचा आहे.’

२

इन्स्पेक्टर अंबादास शेळके भला माणूस होता. मला बघून आधी उठून उभा राहिला. ‘बाई, तुमचे सिनेमे बघून आमची आई अजून रडते,’ म्हणाला. मग भाऊंकडे पाहिलं आणि टोपी काढून हातात घेतली.

माणिकच्या खोलीबाहेर शोध घेतला तेव्हा टेकचा सुबक थर्मोकोलचा दगड तिथे मिळाला, नेमका उद्याच्या दगडाच्या जागेवर. अदलाबदल झाली होती एवढं उघड झालं. माळ्यावर काम करणारा एकटा दत्ताराम. तिथे एक खुंटी होती. ती ओढली की आकडा सुटायचा आणि दगड खाली यायचा. खुंटी ओढणाऱ्याला दगडाचं वजन कळायचं काही कारण नव्हतं, पण दगड टांगणाऱ्याला तर कळणारच.

‘सूचना कुणी दिली होती?’ शेळक्यांनी विचारलं.

नंदकुमार भिंतीला टेकून, तोंड झाकून रडत होता. चंद्रप्रकाश पुढे आले. ‘साहेब, मी सांगतो. सगळ्यांनी ऐकला आहे. नंदकुमार बोलला, भारीवाला लगाव. त्याचं म्हणणं काय होतं ते देव जाणे. पर ह्या बिचाऱ्याने भारी समजून भारी लगावला.’ मग त्यांनी दत्तारामच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने विचारलं, ‘बोल दत्ताराम, डरू नको. भारीवालाच लगावला ना तू?’

दत्ताराम सावंत भांडुपचा, मूळचा मालवणकडचा. गिरणी बंद पडल्यावर सेटिंगच्या कामाला लागलेला. अंगात त्याची रोजची पांढरी स्वच्छ गंजी. डोळे फाडून तो भाऊंच्या अंगावर टाकलेल्या चादरीकडे बघत होता.

‘होय सायब,’ तो म्हणाला. ‘भारीतलोच लायलंय.’

शेळक्यांनी सुस्कारा सोडला. कबुली झाली. हलगर्जीपणाने माणूस मारला. हवालदाराने दत्तारामचा दंड धरला तेव्हा तो गोंधळून आमच्या सगळ्यांकडे बघायला लागला. आपण चूक काय बोललो हे त्याला कळलंच नव्हतं. मलाही नाही कळलं. मला त्या क्षणी त्याचा राग आला होता, भयंकर राग. भाऊंबरोबर मी कितीतरी वर्षं कामं केली होती.

जीपमध्ये चढताना तो पुन्हा ओरडला, ‘पण माका कित्याक पकडतास? मी भारीतलोच लायलंय!’

३

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तारामची बायको सुगंधा माझ्या दारात उभी. भांडुपहून विचारत विचारत आली होती. बसायला सांगितलं तर बसेना.

‘ताई, तुमी सिनेमात सगळ्यांची आवशी होतास. माझ्या घोवाचा कायतरी बघा,’ ती म्हणाली. ‘तेनी आयुष्यात कोणाक चिमटो काढूक नाय. काल लॉकपात भेटलंय. एकच सांगतत, मी सांगितल्यासारख्या केलंय, भारीतलोच लायलंय, मगे माका कित्याक मारतत?’

‘मारलं?’

‘कानाखाली दिल्यानी. कबूल करून परत खोटा बोलता म्हणान.’

मला धक्का बसला. कबूल केल्यावर परत खोटं? ‘म्हणजे तो काय म्हणतो?’

‘म्हणतत, दगड हलको होतो,’ सुगंधा म्हणाली. ‘भारीतलो होतो आणि हलको होतो. पोलीस म्हणतत, येडो की काय तू?’

पोलिसांसारखं मलाही ते वेड्याचंच बोलणं वाटलं. पण एक गोष्ट मनातून जाईना. ज्याला खोटं बोलायचं आहे तो माणूस असं उलटसुलट बोलत नाही, नीट बोलतो. मी सुगंधाला चहा पाजला आणि तिच्याबरोबरच घराबाहेर पडले.

स्टुडिओत शूटिंग बंद होतं. माणिक त्याच्या खोलीत फरशीवर बसला होता. ‘माझ्यावर संशय घ्या, ताई, मला चालेल,’ तो एकदम म्हणाला. ‘भाऊ माझ्या कामाला हसायचे. मी एकदा म्हणालोही होतो, खराच दगड घालतो म्हाताऱ्याच्या डोक्यात. सगळ्यांसमोर म्हणालो होतो. पण बोलणं वेगळं, ताई.’

‘जेवणाच्या सुट्टीत कुठे होतास?’

‘इथेच, पंख्याखाली झोपलो होतो. उद्याचा दगड बाहेर वाळत घातला होता. सकाळीच रंगाचा शेवटचा हात दिला होता त्याला. वाळायला संध्याकाळ झाली असती.’

म्हणजे दगड ओला होता, हे मी मनात ठेवलं. कशासाठी ते तेव्हा माहीत नव्हतं.

नंदकुमार कँटीनमध्ये चहाच्या थंड कपापुढे बसला होता. ‘मीच मारलं त्यांना,’ तो म्हणाला. ‘माझ्या तोंडातूनच शब्द गेला. भारीतला लाव म्हणालो मी. मला काय माहीत तो असा अर्थ काढेल!’

‘दुसरा कॅमेरा कशासाठी होता रे?’

‘चंद्रप्रकाशजींची आयडिया. मला म्हणाले, भाऊंच्या चेहऱ्यावर लावा, क्लोज. शॉट असा आला पाहिजे की पब्लिकची वाट लागली पाहिजे. मला वाटलं, चला, शेवटी त्यांना सिनेमा कळायला लागला.’

चंद्रप्रकाश ऑफिसात भाऊंच्या फोटोंच्या ढिगाऱ्यापुढे बसले होते. डोळे सुजलेले. मला बघून उठले. ‘वनमालाजी, दत्तारामला वकील मी देणार. साधा माणूस आहे. भारीवाला सुनला, भारीवाला लगावला. त्याची काय चूक? सुट्टीत मी इथे फोनवर होतो, नाहीतर मीच बघितला असता ना.’

इतकं चांगलं बोलत होते की मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. तिघांनाही भाऊ हसले होते, तिघांपैकी कुणाचीच सुट्टीतली हजेरी सांगणारं कुणी नव्हतं, आणि तिघेही रडत होते. मला काही सुचेना. भाऊंना त्या दुपारी घरी आणणार होते, म्हणून मी मुलुंडला गेले.

४

भाऊंची बायको मालन माझी जुनी मैत्रीण. ती रडत नव्हती. घर माणसांनी भरलं होतं आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळ्यांना पाणी देत होती. मला बघितल्यावर हात धरून आतल्या खोलीत घेऊन गेली.

‘तू तिथे होतीस ना गं?’

‘होते.’

‘एकच सांग. घाबरले होते का ते? शेवटी?’

मी त्यांच्या पाठीमागे उभी होते. चेहरा दिसलाच नव्हता. तसं मी सांगितलं. मालनने मान हलवली आणि कपाट उघडलं.

‘त्यांना नेताना चांगले कपडे घालू या. ही म्हणते खादीचा सदरा घालू,’ तिने तिथेच उभ्या असलेल्या नणंदेकडे बोट दाखवलं. ‘नको गं, तो जाडाभरडा. तो भारीतला काढ, लग्नातला. रेशमी.’

नणंदेने सदरा काढून माझ्या हातात दिला. इतकी वर्षं जपून ठेवलेला, तलम, मुठीत मावेल असा. हातात काही धरलंय असंही वाटेना.

मी तिथेच खाली बसले.

‘काय झालं गं?’ मालन घाबरली.

‘काही नाही. काय म्हणालीस तू आत्ता? कुठला सदरा?’

‘भारीतला. का?’

भारीतला. हातात वजन नाही आणि भारीतला. साडी भारीतली, तांदूळ भारीतला, सदरा भारीतला. आपल्याकडे जड वस्तूला कुणी भारीतली म्हणतं का? जड म्हणजे जड. भारीतला म्हणजे उंची, सुबक, खास. टेकचा रंगवलेला, लाल दिव्याचा थर्मोकोलचा दगड. नंदकुमारने तो मागितला आणि मालवणच्या दत्तारामने बरोब्बर तोच लावला. लॉकअपमध्ये मार खाऊन तो तेच सांगत होता. भारीतला होता आणि हलका होता. आणि आम्ही सगळी मराठी माणसं तिथे उभी राहून ती कबुली समजलो! लाजेने माझे कान तापले.

पण आम्ही तसं का समजलो? कारण त्याच्या आधी कुणीतरी आमच्या कानात दुसराच शब्द घातला होता.

मालनला बरं वाटावं म्हणून मी पिशवीतून भाऊंची शाल काढली. ‘ही त्यांच्या अंगावर घालू या, कालच मिळाली होती,’ म्हणत ती झटकली आणि उलगडली.

शालीच्या आतल्या बाजूला, खांदा येतो त्या जागी, काळ्या रंगाचा, वाळून कडक झालेला, पंज्याएवढा डाग होता.

५

माझ्या सांगण्यावरून शेळक्यांनी त्याच संध्याकाळी सगळ्यांना सेटवर बोलावलं. दत्तारामलाही आणलं. त्याचा एक गाल सुजला होता. भाऊ पडले होते ती जागा धुतली होती, तरी कुणी तिकडे पाय टाकत नव्हतं.

‘बाई, लवकर सांगा,’ शेळके म्हणाले. ‘साहेबांना रिपोर्ट द्यायचाय.’

‘एकच खेळ खेळायचाय,’ मी म्हणाले. ‘नंदकुमारने काल वर काय ओरडून सांगितलं ते प्रत्येकाने जसंच्या तसं सांगा. माणिक, तू आधी.’

‘टेकला भारीतला लाव.’

‘नंदू?’

‘भारीतला लाव म्हणालो ना. किती वेळा सांगू?’

‘चंद्रप्रकाशजी?’

‘वही तो. भारीवाला लगाव.’

‘दत्ताराम, भारीतला म्हणजे कुठला रे?’

‘चांगलो तो,’ दत्ताराम म्हणाला. त्याला हा प्रश्नच विचित्र वाटला. ‘दिवो लायललो. दुसरो तो जड.’

शेळक्यांचा लिहिता हात अर्ध्यावरच थांबला. चेहरा उतरत गेला. ‘आयला,’ ते हळूच म्हणाले. ‘आमची आई रोज म्हणते, भारीतला तांदूळ आण.’

‘माझेही कान तेवढेच बधिर झाले होते,’ मी म्हणाले. ‘कुणी मराठी माणूस ते ऐकून जड दगड लावणार नाही. ही चूक होऊच शकत नाही. ती होऊ शकते असं फक्त त्यालाच वाटेल, ज्याच्या कानाला भारी म्हणजे वजनदार. त्याने नंदकुमारचा शब्द ऐकला आणि त्याला आयती ढाल मिळाली. दत्ताराम जेवायला उतरला की दगड बदलायचा आणि चूक त्याच्या अंगावर ढकलायची.’

चंद्रप्रकाश हसले. खरंच हसले. ‘वनमालाजी, माझं मराठी कच्चं आहे म्हणून मी खुनी?’

‘नाही. कच्च्या मराठीसाठी कुणाला फाशी देत नाहीत. काल तो जड दगड ओला होता. माणिकने सकाळीच रंगवला होता. दत्ताराम तो खांद्यावर घेऊन शिडी चढला असता, तर त्याची गंजी काळी झाली असती. शेळकेसाहेब, तुम्ही त्याला नेलं तेव्हा गंजी कशी होती?’

‘पांढरीशुभ्र,’ शेळके म्हणाले.

‘आणि मे महिन्यात, हजार हजार वॅटच्या दिव्यांखाली, अंगावर शाल कोण घेऊन उभं होतं?’

मी शाल उलगडून आतली बाजू सगळ्यांना दाखवली. चंद्रप्रकाशांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळे हसायचे थांबले.

‘ते... भाऊंना उचलताना लागला असेल.’

‘भाऊंना उचललंत तेव्हा शाल तुमच्या अंगावर नव्हती. तुम्ही धावलात आणि ती वाटेत पडली, मीच उचलली. भाऊंना मिठी मारल्यावर सफारी पुढून काळा झाला. शालीतला डाग त्याच्या आधीचा आहे, आणि तो मागच्या खांद्याचा आहे. ओझं वाहिलं की रंग लागतो तिथला, आणि सफारीवरचा तोच रंग झाकायला तुम्ही शाल पांघरलीत.’

नंदकुमार त्यांच्याकडे बघत दोन पावलं मागे सरकला. ‘पण का?’ तो ओरडला. ‘का, चंद्रप्रकाशजी?’

‘तुला कॅमेरा दिला तेव्हाच त्यांनी ते सांगितलं होतं, नंदू,’ मी म्हणाले. ‘थर्मोकोलचा दगड दहा वेळा पाडता येतो. एकच कॅमेरा फिरवून फिरवून लावायचा, हीच तर त्यांची रीत. दोन कॅमेरे एकदम कधी लागतात? जो शॉट पुन्हा घेता येणार नाही, त्यालाच ना? आणि दुसरा कॅमेरा टेबलावर नव्हता, छतावर नव्हता. भाऊंच्या चेहऱ्यावर होता.’

चंद्रप्रकाश हळूहळू नंदकुमारच्या खुर्चीत बसले.

‘मरेल असं नव्हतं वाटलं,’ ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता, जेवायचं विचारावं तसा. ‘खांद्याला लागेल, हाड मोडेल, एवढंच. तो खराखुरा ओरडेल, खरा घाबरेल. एकदा तरी तो हसणार नाही. बोरिवलीला सगळे हसले, वनमालाजी. तुम्ही पण हसलात. मी बघितला होता तुम्हाला.’

हो, हसले होते मी. सगळेच हसले होते. पण म्हणून असं कुणी करतं?

‘आणि दत्ताराम?’ मी विचारलं. ‘तो कुठे हसला होता?’

शेळक्यांनी त्यांना उठवलं तेव्हा ते नंदकुमारकडे वळले आणि जे बोलले ते ऐकून माणिकने चेहरा दोन्ही हातांत झाकला.

‘रीळ नीट सांभाळ. तो शॉट बघून कोणी हसणार नाही.’

६

दत्तारामला तिथेच सोडलं. शेळक्यांनी त्याच्यापुढे हात जोडले आणि तो इतका ओशाळला की त्याने उलट त्यांचेच हात धरले. सुगंधा फाटकाबाहेर उभी होती. नवऱ्याचा गाल बघून तिने पोलिसांना अशा काही मालवणी शिव्या घातल्या की शेळके मान खाली घालून जीपमध्ये जाऊन बसले. मला मनातून फार बरं वाटलं.

रीळ पुराव्यासाठी धुवून आणलं. छोट्या खोलीत पडदा लावला. शेळके, नंदकुमार, माणिक आणि मी. माणिक म्हणाला, मला नाही बघवणार, आणि तरी बसला. मलाही बघायचं नव्हतं. पण मालनने मला एक प्रश्न विचारला होता.

आधी पहिल्या कॅमेऱ्याचं रीळ. लांबून घेतलेलं. दगड सुटतो आणि मी डोळे मिटून घेतले.

मग दुसऱ्याचं. पडदाभर भाऊंचा चेहरा. पांढरी दाढी, चष्मा, शास्त्रज्ञाचे विस्कटलेले केस. ओठ हलत होते, वाक्य चालू होतं, मुंबई वाचवा असं काहीतरी. मग वर आकडा करकरला असेल. भाऊंनी मान वर केली आणि दगड येताना पाहिला.

आणि भाऊ हसले.

डोळे बारीक झाले, गाल वर गेले, दाढी हलली. रोजचं हसू. आलं बघा नंदूचं इडलीपात्र, असं सांगणारं. वाक्य अर्ध्यात सोडून ते पोटातून हसत होते, आणि तसेच हसता हसता पडद्याबाहेर गेले.

नंदकुमार हुंदके देत होता. शेळके खुर्चीत ताठ बसले होते. मला मात्र सगळं लख्ख कळलं. चंद्रप्रकाशांनी दगड खरा केला, पण तो खरा आहे हे भाऊंना कुठे माहीत होतं? त्यांच्या मते वरून थर्मोकोलच येत होता, आणि थर्मोकोलला भाऊ कर्णिक काय घाबरणार! ज्या भीतीसाठी माणूस मारला, ती कॅमेऱ्यात आलीच नव्हती.

मी तशीच मुलुंडला गेले. मालन दारातच होती. मी काही बोलायच्या आधी तिने माझा चेहरा वाचायचा प्रयत्न केला.

‘घाबरले होते?’

‘नाही गं,’ मी म्हणाले. ‘हसत होते. शेवटपर्यंत. नेहमीसारखं, अगदी पोट धरून.’

मालन माझ्याकडे बघत राहिली. इतक्या दिवसांत तिच्या डोळ्यांतून पाण्याचा थेंब आला नव्हता.

‘म्हणजे त्या मेल्याचा शॉट एन.जी. झाला,’ ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून पहिल्यांदा रडली.